दोनशे पस्तीस ग्रेनची गोळी

१

सकाळी आठ वाजता नील टॅरंट माझ्या ओट्याशी गाडी थांबवून उतरला, तेव्हा त्याच्या हातात टाइप केलेला कागद होता. फक्त माझी सही तेवढी व्हायची होती.

मी वाचलं. मृत: गात्सी, माग काढणारा, वय त्रेसष्ट. कारण: जखमी रानरेड्याचा हल्ला. दोष: बंदुका सांभाळणारा पेद्झिसाई. त्याने शिकारीच्या जड गोळ्यांऐवजी सरावाच्या हलक्या गोळ्यांची काडतुसं भरली.

गात्सी काल सकाळी मेला होता. त्याला अजून मातीसुद्धा मिळाली नव्हती. आमच्या झाम्बेझीच्या खोऱ्यात जन्माचा दाखला काढायला दोन-दोन वर्षं खेटे घालावे लागतात, आणि इथे एका दिवसात दोषी शोधून, टाइप करून, खाली सहीची रेघ आखून तयार! माझं डोकं तिथेच तडकलं.

मी शोराई. वनखात्याच्या शस्त्रागारात बावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर गावाच्या वन्यजीव समितीने मला शिकारीच्या नोंदींवर बसवलं. आमच्या हद्दीत जनावर पडलं की कुठली बंदूक, किती गोळ्या, गोळी सापडली की नाही, हे सगळं मी लिहिते. माझी सही नसेल तर शिंगं देशाबाहेर जात नाहीत. सगळा मुलूख मला टेटे म्हणतो, म्हणजे आत्या. परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेणारा हा टॅरंटही तसंच म्हणतो. तो गोरा असला तरी जन्मला इथेच, आणि आमची भाषा आमच्याइतकीच सफाईने बोलतो.

"टेटे, पाहुण्यांचं विमान दोन वाजता आहे. शिंगांचे कागद आजच हवेत."

"आणि गात्सीचं काय?"

"त्याचंही करतोय की सगळं. घरी बैल पाठवलाय, पिठाची पोती पाठवलीत. वीस वर्षं माझ्याकडे असलेला माणूस गेलाय. मला काय कमी दुःख आहे?"

"पाहुण्याची गोळी सापडली?"

"नाही. माझ्या शेवटच्या दोन सापडल्या, त्यांनीच रेडा पडला. त्याची हलकी होती, आत फुटून भुगा झाली असणार. हलकी होती म्हणूनच तर हे सगळं घडलं ना!"

बोलणं चोख होतं. मे महिन्यातही त्याच्या एका पाहुण्याच्या रेड्यात गोळी सापडली नव्हती आणि मी सही देऊन टाकली होती. असं कधीमधी होतं. पण तेव्हा कुणाचा जीव गेला नव्हता.

"पेद्झिसाईशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही," मी म्हणाले.

"बोला की!" टॅरंट अगदी मायेने हसला. "त्यानं कबूलच केलंय."

२

पेद्झिसाई टॅरंटच्या कॅम्पच्या कोठारात मक्याच्या पोत्यावर बसला होता. हातात बेड्या. दारात पोलिसांचा सार्जंट माफुता स्टुलावर बसून चहा पीत होता.

हा पेद्झिसाई गात्सीचा जावई. आमच्यात सासऱ्याची कबर जावई खणतो, त्याला खांदाही तोच देतो. पण गात्सीच्या मुलांनी निरोप धाडला होता: अंगणात पाऊल टाकलंस तर पाय मोडू, आणि आमची बहीण यापुढे आमच्याकडेच राहील. माती आज तीन वाजता होती. तुरुंग एकवेळ परवडला, तो कधीतरी संपतो. सासऱ्याच्या रक्ताचा डाग घेऊन जगणाऱ्याच्या घरावर मेलेल्याचा कोप पिढ्यान्‌पिढ्या बसतो, असं आम्ही मानतो. पेद्झिसाईच्या चेहऱ्यावर तो कोप आताच बसलेला दिसत होता.

"टेटे, सही करून टाका," तो म्हणाला. "मीच मारलं बाबांना."

"गाढवा, मी काय विचारतेय ते आधी ऐक. काडतुसं कुणी भरली?"

"मीच. पहाटे, कंदिलाच्या उजेडात. पाहुण्यांची मोठी बंदूक, ३७५. तीन काडतुसं भरली. दोन्ही खोकी एकाच पिशवीत होती. एक तीनशे ग्रेनच्या गोळ्यांचं, एक दोनशे पस्तीसचं. मी बोटानं गोळीचं नाक चाचपून जडच घेतली... असं वाटतंय मला. पण सार्जंटांनी बंदूक उघडली तर आत एक जड निघालं आणि एक हलकं. तिसरं उडालेलं. म्हणजे चुकलंच की माझं!"

इथे दोन शब्द सांगायला हवेत. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. पंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम. हरणाला हलकी, वेगवान गोळी चालते, कारण त्याचं अंग पातळ. रानरेड्याच्या खांद्याचं हाड म्हणजे दगडी उंबरठा. त्याला जाड नळीची बंदूक आणि जड गोळी लागते, सावकाश जाईल पण न फुटता आतपर्यंत पोचेल अशी. म्हणून आमचा कायदा म्हणतो, रेड्यासाठी नळी नऊ पूर्णांक दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको. हा कायदा रेड्यावर दया म्हणून नाही. पाहुणा गोळी मारतो आणि जखमी रेड्याच्या मागे झुडपात पहिला शिरतो तो माग काढणारा, हातात काठी घेऊन. तो गात्सीसाठी आहे.

"तू तिथं होतास गोळी सुटली तेव्हा?"

"नाही. टायर बसला होता. टॅरंट म्हणाले, तू गाडीपाशी थांब. ते, पाहुणे आणि बाबा, तिघंच गेले. टॅरंटांकडे त्यांची स्वतःची ४५८ बंदूक. पाहुण्यांच्या हातात हरणाची बंदूक, सात मिलिमीटरवाली, कारण कॅम्पला मांस हवं होतं. ३७५ बाबांच्या खांद्यावर. मध्येच रेडा दिसला तेव्हा पाहुण्यांनी बाबांकडून मोठी घेतली आणि मारली, असं म्हणतात."

"म्हणतात कोण?"

"ते दोघं."

"आणि तिसरा मेलाय. छान! तो सरावाचा खोका तुझ्याकडे आला तेव्हा त्यात किती होती?"

"मोजली नाहीत. परवा टॅरंटांनी पिशवीत टाकला. पाहुणे आले त्या दिवशी निशाणा तपासायला बाबा गेले होते, मी विमानतळावरून सामान आणत होतो."

मी सार्जंटकडे वळले. त्याने कप खाली ठेवला आणि वही उघडली.

"वीसचा खोका. आत सतरा आहेत, टेटे. एक बंदुकीत सापडलं. एक रेड्याला लागलं. झाले एकोणीस."

"मग विसावं कुठंय?"

"पडलं असेल कुठंतरी," सार्जंट म्हणाला.

माणूस मेलाय, जावई बेड्यांत आहे, आणि हे म्हणतात पडलं असेल कुठंतरी!

३

पाहुणा, वेस्ली प्रॅथर, झाडाखाली कॉफी घेत होता. उंच, गुलाबी, डाव्या भुवईवर पट्टी. मला बघून उठला, खुर्ची दिली. वागायला सभ्य होता, तेच जास्त टोचलं.

"फार वाईट झालं, मॅडम. गात्सी फार चांगला पोऱ्या होता."

"पोऱ्या? तुमच्यापेक्षा मोठा होता तो."

"सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं." त्याने कप फिरवला. "बघा, मी तीस वर्षं शिकार करतोय. रेडा चाळीस पावलांवर आडवा उभा होता. मी ३७५ नं अगदी खांद्यावर मारली. माझ्या बंदुकीत तुमच्या माणसानं कचरा भरला असेल तर त्याला मी काय करू?"

"भुवईला काय झालं?"

"किरकोळ आहे," तो म्हणाला आणि विमानाची वेळ विचारायला उठून गेला.

स्वयंपाकघरात आचारीण माई चिएद्झा मक्याच्या पिठाचा सादझा घोटत होती. नुसता विषय काढायचा अवकाश, तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"किरकोळ? रक्तानं शर्ट भिजला होता! मी धुतलाय तो. पहिल्याच दिवशी मागच्या गोरखचिंचेवर निशाणा लावायला गेले ना, तिथं. मोठ्या बंदुकीनं असा धक्का दिला की वरची दुर्बीण खाडकन भुवईत. टॅरंटबाबांनी स्वतः टाके घातले. तेव्हापासून जावई सासूला टाळतो तसा तो त्या बंदुकीला टाळतोय, टेटे. ती आली की हा दुसरीकडे बघतो!"

"नंतर पुन्हा चालवली नाही?"

"कुठली चालवतोय! आपले आजोबा, सेकुरू गात्सी, तर माझ्याशी पैज लावत होते, की हा ती परत उचलायचा नाही म्हणून."

मी कॅम्पच्या मागे गेले. गोरखचिंचेच्या बुंध्यावर निशाण्याचा कागद अजून खिळ्यांना लटकत होता. काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यावर भोकं दोन, एक कडेला, एक कागदाच्या पार कोपऱ्यात. खाली पेन्सिलीने टॅरंटचं अक्षर. ही त्याची जुनी सवय, प्रत्येक निशाण्यावर तो बंदूक आणि गोळी लिहितो. लिहिलं होतं: "३७५. २३५ ग्रेन. दोन. थांबवलं."

मी तिथेच बोटांवर मोजलं. खोक्यात सतरा, बंदुकीत एक, या झाडात दोन. झाले वीस.

सरावाचं एकही काडतूस रेड्यासाठी उरत नव्हतं. पेद्झिसाईच्या हातून ते भरलं गेलं असतं तरी उडालं नव्हतं, कारण उडायला ते होतंच कुठे? मग बंदुकीत सापडलेलं ते एक हलकं काडतूस आत गेलं कसं? आणि रेड्याच्या खांद्यातून आत गेलं ते काय होतं?

४

सोलण्याची शेड नदीच्या उताराला आहे. फनुएल तिथे कातड्याला मीठ चोळत होता. त्याला आम्ही कुळाच्या नावाने मोयो म्हणतो. आमच्यात मान द्यायचा तर देवकाच्या नावाने हाक मारतात, आणि ज्याचं जे देवक ते त्याला वर्ज्य. मी हत्तीच्या कुळातली, मला हत्तीचं मांस चालत नाही. शिकारीच्या कॅम्पात कोण काय खात नाही हे आचाऱ्याला तोंडपाठ लागतं.

"मोयो, खांद्यावरचं भोक दाखव."

त्याने कातडं पसरलं. भोक होतं करंगळीएवढं. पण कातड्यावर विसंबून चालत नाही. ओलं असताना ताणतं, मिठात आवळतं. बावीस वर्षांत कातड्याच्या भोकावरून बंदूक ओळखणारे मी पुष्कळ पाहिले, बहुतेक सगळे तोंडावर आपटले.

"गोळी तू शोधलीस?"

"मला शोधू दिली कुठं? टॅरंट स्वतः सुरी घेऊन बसले. पंधरा वर्षांत त्यांनी सुरीला हात लावलेला मी पाहिला नाही, टेटे. काल पुढची अख्खी तंगडी त्यांनी दाण्यादाण्यानं कापली. हाडाचा चुरा निघाला, तांब्याचे दोन पापुद्रे निघाले. ते खिशात टाकले. मग छातीत हात घालून चाचपलं. शेवटी मला विचारलं, 'हृदयात काही दिसलं का रे?' मी म्हटलं, मला काही दिसलं नाही."

"खरंच नव्हतं काही?"

फनुएलने माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"टेटे, तुम्हीपण? मी मोयो ना!"

मोयो म्हणजे हृदय. ज्याचं देवकच हृदय, तो ते खाणार नाही हे तर झालंच, त्यात सुरीही घालणार नाही. पंधरा वर्षं फनुएल प्रत्येक जनावराचं हृदय आकड्याने अलगद उचलून बाजूला ठेवतो, अख्खंच्या अख्खं. त्याला काही दिसलं नाही, कारण त्याने पाहिलंच नव्हतं. आणि टॅरंट, इथे जन्मलेला, आमची भाषा बोलणारा, आम्हाला आत्या नि आजोबा म्हणणारा टॅरंट, पंधरा वर्षं त्या माणसाला मोयो म्हणून हाक मारत होता आणि त्या हाकेचा अर्थ त्याच्या डोक्यात एकदाही शिरला नव्हता. त्याच्या लेखी सोलणारा म्हणजे सोलणारा. सोलणारे हृदय चिरतातच.

"कुठंय ते हृदय?"

"नेहमी जातं तिथंच. सेकुरूंना आवडायचं ना. दर शिकारीला मी पानांत बांधून त्यांच्याच घरी धाडतो. काल हाताच्या सवयीनं बांधलं गेलं, मांसाच्या गाडीतून गेलंसुद्धा. नंतर माझ्या ध्यानात आलं की खाणारा कुठंय आता?"

"मग तिथं आहे ते?"

"असेल तर नशीब. ज्या जनावरानं बाप मारला त्याचं मांस ती माणसं शिवतील का? सकाळी जेफ्ता, त्यांचा थोरला, ओरडत होता म्हणे. म्हणत होता, ते घाण कुत्र्यांना टाका."

मी सार्जंटला गाडी काढायला लावली. पेद्झिसाईलाही आत बसवायला सांगितलं. सार्जंट म्हणाला, त्याला तिथे नेलं तर मारामारी होईल. मी म्हटलं, होऊ दे.

५

गात्सीच्या अंगणात दोनशे माणसं होती. बायका झोपडीत प्रेताभोवती गात होत्या. टॅरंट आमच्या आधीच पोचला होता, टोपी काढून म्हाताऱ्यांच्या रांगेत मान खाली घालून उभा. प्रॅथर त्याच्या शेजारी. विमानतळाच्या वाटेवर दोन मिनिटं शोक करायला थांबले होते!

पोलिसांच्या गाडीत पेद्झिसाई दिसला आणि जेफ्ता कुदळ घेऊनच धावला.

"याला इथं कुणी आणलं? बापाचा जीव घेतलास, आता तोंड दाखवायला आलास होय?"

"जेफ्ता," मी मध्ये उभी राहिले, "काल रेड्याचं हृदय आलं होतं. कुठंय?"

"काय?"

"हृदय! कुत्र्यांना टाकलंस का?"

"टाकायलाच सांगितलं होतं मी!"

झोपडीच्या दारातून म्हातारी अंबुया बाहेर आली, गात्सीची बायको. रडून रडून आवाज बसला होता. "मी नाही टाकू दिलं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांच्या नावानं घरी यायचं ते. ही शेवटची खेप होती." तिने धान्याच्या कणगीकडे बोट दाखवलं. कणगीखाली सावलीत, मोपानीच्या पानांत बांधलेला गोळा तसाच टांगलेला होता. जुलैची थंडी, म्हणून अजून बरा होता.

"चीर," मी जेफ्ताला म्हणाले. "तूच चीर. सार्जंट, तुम्ही बघा. म्हाताऱ्यांनो, तुम्हीही या."

टॅरंट पुढे आला. "टेटे, प्रेत घरात आहे. हा काय तमाशा लावलाय?"

"तुम्ही काल तंगडी दाण्यादाण्यानं कापलीत तो तमाशा नव्हता. मग हाही नाही."

जेफ्ताने पानं सोडून अंबुयाच्या हातात दिली. हृदय लहान भोपळ्याएवढं. वरच्या चरबीत एक फाटलेली चीर होती. त्याने सुरी घातली, फिरवली, आणि कच् असा आवाज झाला. त्याने दोन बोटांनी खेचून ते बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

गोळीचं तोंड फुटून फुलासारखं वळलं होतं, बूड मात्र शाबूत. मी पिशवीतून काटा आणि मोजपट्टी काढली. शस्त्रागार सुटलं तरी ही दोन माझ्या पिशवीतून सुटलेली नाहीत.

"सार्जंट, लिहा. वजन ब्याण्णव ग्रेन. वजनाचं एकवेळ सोडा, फुटल्यावर कुठलीही गोळी हलकी होते. आता बूड बघा. तोंड हाडावर आपटून पसरतं, पण बूड नळीतून निघतं तेवढंच राहतं. ३७५ ची गोळी असती, जड असो की हलकी, तीनशेची असो की दोनशे पस्तीसची, तर बूड साडेनऊ मिलिमीटर भरलं असतं. हे बघा काटा कुठं थांबलाय."

सार्जंट वाकला. "सात. सातच्या किंचित वर."

"सात मिलिमीटर. हरणाची बंदूक." मी वळले. आवाज चढला होता आणि तो मी उतरवला नाही. "या माणसानं गात्सीकडून मोठी बंदूक घेतलीच नाही. पहिल्याच दिवशी तिनं भुवई फोडली, तेव्हापासून तो तिला हात लावत नव्हता. रेडा दिसला तेव्हा हातात होती ती हरणाची, आणि त्यानं तीच चालवली. टॅरंटनं चालवू दिली. मग गात्सी मेला. मग मोठ्या बंदुकीतून दोन जड काडतुसं काढून त्यांनी एक सरावाचं आत सारलं, म्हणजे दोष जावयावर. फक्त झाडावरचा कागद विसरले. सरावाची वीसच्या वीस काडतुसं मी मोजलीत. टॅरंट, तुमच्या स्वतःच्या अक्षरात!"

टॅरंट हसायला गेला. "एक बूड दाखवून माझ्यावर... वेस्ली, गाडीत बस."

प्रॅथर हलला नाही. तो अंबुयाकडे बघत होता, तिच्या हातातल्या रिकाम्या पानांकडे.

"नील म्हणाला, खांद्यामागे मार, चालेल," तो म्हणाला. "मी विचारलं होतं त्याला. माझ्याकडं एवढ्याच बंदुकीनं मोठाली एल्क हरणं पडतात. मी विचारलं होतं."

"गप्प बस!" टॅरंट ओरडला.

"आणि आपला माणूस पुढं चाललाय, हे माहीत होतं ना?" मी विचारलं.

सार्जंट माफुताने पेद्झिसाईच्या बेड्या काढल्या आणि त्याच बेड्या घेऊन टॅरंटकडे गेला. विमान त्या दिवशी प्रॅथरशिवाय गेलं. पुढे त्याला नुसता दंड झाला आणि तो घरी परतला. टॅरंटचा परवाना गेला, खटला अजून चालूच आहे.

६

जेफ्ताने कुदळ खाली ठेवली. मग तो धुळीत बसला, आमच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांची ओंजळ करून टाळी वाजवली, एकदा, दोनदा, तीनदा. थोरल्या मेव्हण्याने जावयापुढे असं बसणं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मुकुवाशा," तो म्हणाला, म्हणजे जावई. "कबर अर्धीच झालीय. खाली दगड लागलाय. आम्हाला फुटत नाही."

पेद्झिसाईने कुदळ घेतली.

पाच वाजता माती झाली. गात्सीच्या सुनांनी रीतीप्रमाणे सासऱ्याची नक्कल केली. धाकटीने त्याची टोपी घातली, त्याच्यासारखी पाठ वाकवली, जमिनीवरची धूळ चिमटीत धरून पाहिली. मग एक खडा उचलून तळहातावर तोलला. गात्सी प्रत्येक शिकारीआधी काडतूस असंच तोलायचा आणि पाहुण्याकडे बघून म्हणायचा, "हे माझ्या सासूइतकं जड आहे, चला." सुनेने खडा तोलला, नाक मुरडलं, मान हलवली. सगळे हसले, अंबुयासुद्धा हसली आणि हसता हसता रडायला लागली.

पेद्झिसाई माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातांना फोड आले होते.

"टेटे, एक विचारू? मे महिन्यातल्या त्या रेड्याची गोळी कुठं गेली होती?"

"कुठली?"

"तोही असाच झुडपात शिरला होता. बाबा थोडक्यात वाचले. घरी आल्यावर म्हणाले, भोक बारीक वाटलं मला, बंदूकही अशीच हरणाची वाटली. मी म्हटलं, सांगूया कुणालातरी. तर म्हणाले, टेटे बघतील की, त्यांची सही लागते."

त्याने हे रागाने म्हटलं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी टॅरंटने कागद पुढे केला, मी चहा घेतला, सही केली. शेडपर्यंत चालत जायला पाच मिनिटं लागतात, तेवढीही गेले नाही. दिवसभर मी ज्याच्या नावाने ओरडत होते, त्या माणसाला मे महिन्यात मला फसवावंही लागलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी मे महिन्याचं पान काढलं. "गोळी: सापडली नाही," आणि खाली माझी सही, वळणदार, ठसठशीत. मी पेन उचललं, ती ओळ खोडली आणि तिच्यावर लिहिलं: "गोळी: शोधली नाही." मग तो कागद घेऊन सार्जंट माफुताकडे निघाले.